पान चौदावरची इस्त्री

मालक : तसं नाही मॅडम, तुमचा वार मंगळवार. आज शुक्रवार. दोन वर्षांत एकदाही वार चुकला नाही तुमचा. ताप अंगात घेऊन आलात, पण मंगळवारीच आलात. आणि आज आडवारी, तेही धापा टाकत? बसा आधी. हे घ्या तुमचं स्टूल. दुसरं कुणी बसत नाही त्यावर, डगडगतं म्हणून.

मॅडम : बसायला नाही आले मी. बॉयलर चालू आहे तुमचा?

मालक : लॉन्ड्री आहे ही. बॉयलर बंद ठेवून चादरी काय फुंकर मारून वाळवू?

मॅडम : मी तीनदा फोन केला रिक्षातून.

मालक : पाहिला. पण तुमचा फोन म्हणजे प्रश्नावली. 'आज मनःस्थिती कशी आहे, एक ते सातपैकी एक आकडा सांगा.' कामाच्या वेळी कोण आकडा काढत बसणार? इस्पितळाच्या दोनशे ऐंशी चादरी बारापर्यंत जायच्यात. अकरा वाजत आले.

मॅडम : ऐका माझं. समजा, हा बॉयलर आत्ता फुटला...

मालक : आलं! ताई, ऐकलंस का गं? 'समजा' आलं!

ताई : इथं वाफेच्या भसभसाटात मला काय ऐकू येतंय? कोण आलंय?

मालक : वहीवाल्या मॅडम. विद्यापीठाच्या.

ताई : आज? बरं. त्यांना म्हणावं, माझ्या पलीकडच्या टेबलावर ओल्या चादरी आहेत, मागच्यासारखी पिशवी ठेवू नका.

मालक : हां, तर बॉयलर फुटला. थांबा, मोठ्यानं विचार करतो. बघा, शिकवलेलं विसरलो नाही. मनात येईल ते गाळायचं नाही, सजवायचं नाही, येईल तसं बोलत राहायचं. तर पहिला विचार, चादरी. दुसरा विचार, इस्पितळाच्या त्या मेट्रनला काय तोंड दाखवू? तिसरा, पुलापलीकडे गुरुजींची लॉन्ड्री आहे, ओला माल त्यांच्याकडे हलवायचा. चौथा...

मॅडम : नको. थांबा.

मालक : अहो, मध्ये बोलायचं नसतं तुम्ही. तुमचाच नियम. तुम्ही फक्त 'हं' म्हणायचं.

मॅडम : हा प्रश्न नाहीये. मी विचारत नाहीये, सांगतेय. बंद करा तो बॉयलर. आत्ता. आणि बायकांना बाहेर काढा.

मालक : वा! आज आवाज पण छान लावलाय. मागच्या वेळी एवढा जमला नव्हता.

मॅडम : मागच्या वेळी म्हणजे?

मालक : विसरलात? गेल्या वर्षी कुणीतरी फोन केला, 'आम्ही हॉटेलातून बोलतोय, उद्यापासून तुमचं काम बंद.' माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मी दोन तास त्या कोपऱ्यात डोकं धरून बसलो. ताईनं पाणी आणून दिलं. आणि मग तुम्ही हसत आत आलात. 'घाबरू नका, तो अभ्यासाचा भाग होता. संकट आल्यावर धंदा करणाऱ्याच्या डोक्यात पहिलं काय येतं, ते टिपायचं होतं.'

मॅडम : तुम्ही संमती दिली होती. संमतीपत्राचं पान तीन.

मालक : दिली होती की. तक्रार कुठं करतोय? पण एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आता तुम्ही 'आग लागली' म्हणालात, तरी मी आधी विचारीन, कितव्या पानावर?

ताई : धाकट्या, दाबाचा काटा बघितलास का? इथल्या नळ्या आज जास्तच चटके देतायत.

मालक : नऊला आलाय गं. चालायचंच.

मॅडम : नऊ? लाल रेघ सातावर आहे!

मालक : होती. जास्तीची वाफ सोडणारा व्हॉल्व्ह साडेपाचलाच पाझरायला लागायचा. सगळी वाफ छपराला. चादर दोनदा फिरवावी लागायची. आता? नऊवर गेलं की कशी पापडासारखी निघते एकेक. आणि हे मी तुम्हाला सांगावं? पान चौदा. पाठ आहे माझं. 'उद्योग चारच्या मालकाने नवा व्हॉल्व्ह न घेता, हाताशी असलेली जुनी लोखंडी इस्त्री दांड्याला अडकवून वाफेचा दाब टिकवला. तुटपुंज्या साधनांतून वाट काढण्याचे हे उत्तम उदाहरण.' कोण आहे हा चार नंबर, त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

मॅडम : ते मी लिहिलंय.

मालक : म्हणून तर! ते पुस्तक आम्हा नऊ बॉयलरवाल्यांना वाटलंत, तेव्हा बाकीचे म्हणाले, विद्यापीठाचं बाड, कोण वाचणार. मी वाचलं. रात्र रात्र नाही, पण दुपारी, जेवणानंतर. आणि वाचून आपल्याकडे केलं. याला म्हणतात अभ्यासाचा उपयोग.

मॅडम : मंगळवारी मी पाहिली तुमची इस्त्री.

मालक : पाहिलीत ना? मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, बघू यांच्या नजरेला पडते का.

मॅडम : पडली. मी लिहून घेतलं. दहा वाजून वीस मिनिटं. 'एका उद्योगातली युक्ती दुसऱ्या उद्योगात आपोआप पोचली.' खाली दोन रेघा ओढल्या. मला आनंद झाला होता, हो. घरी जाताना गाणं म्हणत गेले मी.

मालक : मग आज रडताय कशाला?

ताई : कोण रडतंय? बाजूला हो, बघू दे मला. अगंबाई. काय झालं हो मॅडम? हा काही बोलला का? याच्या जिभेला हाड नाही, मनावर घेऊ नका.

मॅडम : ताई, तुम्ही तरी ऐका. त्या भिंतीपाशी बसू नका. बॉयलर फुटेल.

मालक : बघ, आता तुझा प्रश्न. तूही मोठ्यानं विचार कर.

ताई : थांब रे. मॅडम, तुमची वही कुठं आहे?

मॅडम : काय?

ताई : वही. निळी. आणि ते काळं यंत्र, आल्या आल्या टेबलावर ठेवता, बटण दाबता, 'तारीख अमुक, उद्योग सात' म्हणता. ते कुठं आहे?

मॅडम : नाही आणलं. घरीच... नाही, इस्पितळात राहिलं बहुतेक. बाकावर.

ताई : धाकट्या, ही बाई वही न घेता आलीय.

मालक : अगं, तीही एखादी नवी रीत असेल. वही बघून माणसं सावध होतात म्हणून...

ताई : हिच्या पायात बघ. दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला आहेत.

मालक : अरे, खरंच की.

ताई : आता नीट सांगा. कुठल्या इस्पितळात? कशाला?

मॅडम : चार नंबरचा बॉयलर आज सकाळी फुटला. सात वाजता. मला कळायला दहा वाजले.

मालक : इस्त्रीवाला? कोण चार नंबर?

मॅडम : नाव सांगता येत नाही मला. मी सही दिलीय. तुमचं नाव मी त्यांना सांगितलं नाही, त्यांचं तुम्हाला...

ताई : माणूस गेलं का कुणी?

मॅडम : एक बाई. मालकांची मावशी. भिंतीला पाठ लावून घड्या घालत होत्या. रोज तिथंच बसायच्या, पाठ शेकते म्हणून.

ताई : आणि तुम्ही सही सांभाळताय? मेलेल्या माणसाला नाव असतं हो बाई. आकडा नसतो.

मॅडम : गुरुजी.

मालक : कोण गुरुजी?

मॅडम : पुलापलीकडचे. तुमचेच. चार नंबर तेच आहेत.

मालक : छे. गुरुजी तसलं काही करणार नाहीत. शिस्तीचा माणूस. मला पहिलं यंत्र लावून दिलं त्यांनी. चपलासुद्धा रांगेत ठेवायला लावतात लोकांना.

मॅडम : कोपरापर्यंत भाजलेत. मी गेले तेव्हा शुद्धीवर होते. मला बघून काय म्हणाले माहीत आहे? 'मॅडम, या आठवड्याची नोंद राहिली.'

मालक : मावशी... चहा आणून द्यायची मला. साखर नको म्हटलं तरी घालायची.

ताई : बस नंतर. आधी उठ. ए, चला गं सगळ्या, बाहेर! हातातलं आहे तिथं टाका. चादर जळाली तर जळू दे. मागच्या दारानं नको, तिकडे बॉयलर आहे. पुढून. रस्ता ओलांडून त्या गोदामाच्या भिंतीआड. पिशव्या राहू देत गं, जिवापेक्षा डबा मोठा आहे का? एक, दोन, तीन, चार... पाचवी कुठं आहे? मोरीत? ओढून आण तिला.

मालक : तू पण जा, ताई. मॅडम, तुम्हीही. मी खटका पाडून येतो.

मॅडम : बाहेरूनच पाडता येत नाही का?

मालक : खटका बॉयलरच्या खोलीत आहे. बाहेर घ्यायचा होता, दोन वर्षं घ्यायचाच आहे. तुमच्या वहीत असेल बघा.

मॅडम : आहे. चार वेळा.

मालक : मग एकदा तरी बोलायचं होतं, बाई.

मॅडम : जाऊ नका तुम्ही. जळण संपेल तेव्हा संपेल.

मालक : टाकी सकाळीच भरलीय. आणि पलीकडच्या घरात माणसं राहतात, त्यांना कोण उठवणार? जातो.

मॅडम : मग फोन चालू ठेवा. खिशात ठेवा. बोलत राहा.

(रस्त्यापलीकडे, गोदामाच्या भिंतीआड. मॅडमच्या हातात फोन, आवाज मोठा केलेला. पाच बायका भिंतीला चिकटून उभ्या.)

ताई : येतंय का ऐकू?

मॅडम : येतंय. श्वास येतोय. बोला हो, गप्प राहू नका. काय दिसतंय?

मालक : दारात आहे. आज फारच तापलंय इथं. मोठ्यानं विचार करतो, चालेल ना?

मॅडम : करा.

मालक : पहिला विचार, ताई बाहेर आहे. दुसरा, खटका डाव्या हाताला. हात पुढं केला. पाडला. बर्नर गेला, आवाज थांबला. ऐकलंत?

मॅडम : ऐकलं. तेलाची चावी?

मालक : फिरवतोय. घट्ट बसलीय मेली. फिरली. बंद.

ताई : आता ये बाहेर!

मालक : काटा बघतो आधी. साडेनऊ. तिथंच आहे. दांडा थरथरतोय, इस्त्री हलतेय त्याच्यावर. ताई, ही आपल्या आईची इस्त्री आहे गं. हिनंच ती आपल्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करायची. मनात येतंय, ही उचलून बाजूला काढावी, वाफ भसकन निघून जाईल, मोकळं होईल सगळं.

मॅडम : नको! हात लावू नका तिला!

मालक : का? मूळ दुखणं तीच ना?

मॅडम : गुरुजींनी तेच केलं. काटा वर गेलेला बघितला आणि इस्त्री हिसकली. मला सांगितलं त्यांनी. हिसकली आणि पुढचं आठवत नाही म्हणाले. मागं व्हा. दाब एकदम सुटला की फुटतो, आपलं आपण निवू दे.

मालक : ...

ताई : बोलत का नाही हा? धाकट्या?

मॅडम : बोला! मनात काय आहे ते बोला!

ताई : अरे बोल ना रे मेल्या! एरवी तुझं तोंड बंद होत नाही!

मालक : ...हात काढून घेतला. लागला होता तिला, जरासा. आता उलटा चालतोय. पाठ दाराकडे. चौथा विचार असा येतोय की, माझे पाय माझे नाहीत.

ताई : असू देत कुणाचेही. उचल आणि ये.

मालक : आलो. पायरी उतरलो. रस्त्यात आहे. दिसतोय का?

ताई : दिसतोस. पळ की! चालतोय बघा, वरातीत चालल्यासारखा.

मालक : पाणी आहे का कुणाकडे?

ताई : इथं बस. खाली बस. हात बघू. फोड आलाय. किती वेळ लागतो हो तो निवायला?

मॅडम : तास. दोन तास. तोपर्यंत कुणी आत जायचं नाही. सरकारी बॉयलर तपासनिसांना कळवलंय मी. निघालेत म्हणाले.

ताई : म्हणजे अजून फुटू शकतो.

मॅडम : हो.

मालक : दोनशे ऐंशी चादरी, ताई.

ताई : गप. एक विचारू का मॅडम? खरं सांगाल?

मॅडम : विचारा.

ताई : गुरुजींची इस्त्री तुम्ही पहिल्यांदा बघितलीत, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का, की हे धोक्याचं आहे?

मॅडम : कळलं होतं. समासात लिहिलं मी, 'हे बरोबर आहे का?' पण आमच्यात नियम आहे. बघणाऱ्यानं ढवळायचं नाही. मी बोलले असते तर त्यांनी स्वतः काय केलं असतं ते कळलं नसतं. दोन वर्षांचा अभ्यास वाया गेला असता. आमच्या सरांनी वही तपासली, तो प्रश्न खोडला आणि वर लिहिलं, 'उत्तम उदाहरण'. मी तेच छापलं. माझं नाव आहे त्या पुस्तकावर.

ताई : म्हणजे पोर विहिरीकडे चाललंय, आणि तुम्ही काठावर बसून लिहीत होतात, किती पावलांत पोचतं ते.

मॅडम : हो.

मालक : जाऊ दे ताई. आज आली ना ती.

ताई : तुझ्याकडे आली. मावशीकडे नाही आली.

मालक : मॅडम, ते पुस्तक नऊ जणांना वाटलंत ना?

मॅडम : हो.

मालक : गुरुजी एक. मी दुसरा. बाकीचे सात?

मॅडम : तुमची इस्त्री मी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून आधी इथं धावले. बाकीच्यांना रिक्षातून फोन लावत होते. कुणी उचलत नाही. कामाची वेळ आहे.

मालक : आणि तुमचा वार नाही.

ताई : मग परत लावा! इथं उभ्या राहून काय बघताय? तुम्हाला बघायचीच सवय लागलीय.

मॅडम : लावतेय. हा 'उद्योग दोन'. माझ्याकडे नावंसुद्धा अशीच आहेत. ...वाजतोय.

ताई : आणि हे बघा, ते 'समजा' म्हणू नका. सरळ सांगा.

मॅडम : नाही म्हणणार. ...उचलला! हॅलो, मी बोलतेय, विद्यापीठातून. नीट ऐका. पान चौदावरची ती इस्त्री, तुम्ही तुमच्या बॉयलरला लावली आहे का?

फोनवरचा आवाज : ओळखलं मॅडम! लावली की, परवाच. झकास चाललंय. आज शुक्रवारी कसा काय फोन?

मॅडम : बर्नर बंद करा. इस्त्रीला हात लावू नका. सगळ्यांना घेऊन आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. बॉयलर फुटणार आहे.

फोनवरचा आवाज : अरे बाप रे. बॉयलर फुटणार आहे. हां, थांबा मॅडम... मोठ्यानं विचार करतो.